तनाका किनुयो: अभिनेत्री आणि दिग्दर्शिका

प्रश्न: जपानी दिग्दर्शक मिझोगुची यांच्या 'ओहारूचे जीवन' (१९५२) या चित्रपटातील तनाका किनुयो यांचा अभिनय पाहून मी भारावून गेलो आहे. त्यांनी स्वतःही चित्रपट दिग्दर्शित केले, असे नुकतेच वाचले. त्यांपैकी आधी कोणता पाहावा?

प्रतिसाद १: १९५३ ते १९६२ या काळात त्यांनी सहा चित्रपट दिग्दर्शित केले. पहिला, 'प्रेमपत्र', १९५४ साली फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. ज्यांच्या चित्रपटांतील भूमिकांनी त्यांना कीर्ती दिली, त्या मिझोगुचींनीच त्यांच्या दिग्दर्शनाला विरोध केला, ही गोष्ट मला आजही सलते. दुसरे जपानी दिग्दर्शक ओझू यांनी मात्र आपण सहलेखन केलेली पटकथा त्यांच्या हाती सोपवली.

प्रतिसाद २: माझ्या मते १९५५ चा, स्तनांच्या कर्करोगाने ग्रासलेल्या कवयित्री नाकाजो फुमिको यांच्यावरील चित्रपट आधी पाहावा. त्याची पटकथाही एका स्त्रीचीच, तनाका सुमिए यांची आहे. आजारी स्त्रीची इच्छा, तिचा संताप आणि तिचे शरीर यांकडे दयेने न पाहता बरोबरीच्या नात्याने पाहणारा असा कॅमेरा त्या काळात दुर्मीळ होता.

प्रतिसाद ३: अभिनय त्यांनी सोडला नाही, हेही नोंदवतो; १९७५ साली बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.