एलएचसीबीने हार्डवेअर ट्रिगर काढला, मग सीएमएस का काढत नाही?

कणवेडा: सीएमएस आणि एलएचसीबी हे एलएचसी या कणत्वरकावरचे दोन प्रयोग; ट्रिगर म्हणजे कुठल्या टकरींचा डेटा ठेवायचा ते ठरवणारी चाळणी. एचएल-एलएचसीसाठी, म्हणजे जास्त टकरी देणाऱ्या सुधारित एलएचसीसाठी, सीएमएसचा लेव्हल-१ (हार्डवेअर) ट्रिगर १०० किलोहर्ट्झवरून ७५० वर जाणार, निर्णयाची मुदत सुमारे ४ मायक्रोसेकंदांवरून १२.५ वर. एलएचसीबीने रन ३ या डेटा-फेरीपासून ही पायरीच उडवली, पहिली चाळणी थेट जीपीयूवर. सीएमएसला ते का नको? की नुसता थ्रेशोल्ड (किमान संवेगाची अट) वाढवून भागेल?

पाइपलाइन: हिशोब करा. एलएचसीबीचा इव्हेंट, म्हणजे कणगुच्छांच्या एका भेटीचा (क्रॉसिंगचा) डेटा, शंभरेक किलोबाइटचा. सेकंदाला ३ कोटी वाचले तरी ३-४ टेराबाइट. सीएमएसचा इव्हेंट २०० पाइल-अपला (एका क्रॉसिंगमध्ये २०० टकरी) ८ मेगाबाइटच्या घरात. तेवढ्याच दराने २४० टेराबाइट! ७५० किलोहर्ट्झला ६ टेराबाइट होतात, ते झेपतं.

थ्रेशोल्डचं म्हणाल तर डब्ल्यू बोसॉनपासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आडवा (शलाकेला काटकोनातला) संवेग बहुतांशी ४० जीइव्हीच्या आतच असतो. ५० ला कात्री लावलीत की हिग्जसोबत येणारे डब्ल्यूही बरेचसे गेले. म्यूऑनचं दुखणं वेगळं: लोखंडात विखुरलेला कमी संवेगाचा म्यूऑन जास्तीचा भासतो, त्यामुळे थ्रेशोल्ड चढवूनही दर फारसा उतरत नाही. तिथे ट्रॅकरचीच (कणांचे माग टिपणाऱ्या आतल्या भागाची) साक्ष हवी.

कणवेडा: पण ट्रॅकरचा डेटा ४० मेगाहर्ट्झला बाहेर काढणार कसा?

स्टब: सगळा काढायचाच नाही. बाहेरच्या ट्रॅकरच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन सेन्सर एकावर एक. ३.८ टेस्लात २ जीइव्हीच्या कणाची वक्रता-त्रिज्या साधारण १.७५ मीटर. ०.७ मीटरवर बसवलेल्या, १.८ मिमी फटीच्या मॉड्यूलमध्ये तो वरच्या सेन्सरवर ०.३७ मिमी सरकतो, म्हणजे ९० मायक्रॉनच्या चार पट्ट्या. त्याहून जास्त सरकला तर चिपच जोडी टाकून देते. उरलेले 'स्टब' तेवढे दर २५ नॅनोसेकंदांनी बाहेर जातात.

पूर्ण डेटा तोवर मॉड्यूलवरच थांबतो. १२.५ मायक्रोसेकंद म्हणजे ५०० क्रॉसिंग. जुन्या ट्रॅकर चिपमध्ये घरं १९२. म्हणून ट्रिगरसोबत ट्रॅकरही बदलावा लागतो.

रजिस्टर: खरी मारामारी पुढे एफपीजीएत (हवं ते सर्किट रचता येणाऱ्या चिपमध्ये). ट्रॅक शोधणारं बोर्ड १८ क्रॉसिंगांमागे एक इव्हेंट घेतं: ४५० नॅनोसेकंद, ३६० मेगाहर्ट्झला १६२ क्लॉक. त्यात जेवढे स्टब उरकले तेवढेच, बाकीचे कापले जातात. फटका बसतो दाट जेटच्या (एकाच दिशेने निघालेल्या कणांच्या झोताच्या) गाभ्याला. त्यामुळे सरासरी कार्यक्षमता बघून खूश होऊ नका, जेटमधली वेगळी काढा.

न्यूरल नेट बसवणार असाल तर एचएलएसमधला (सी++ वरून सर्किट बनवणाऱ्या साधनातला) एक सापळा: 'एपी_फिक्स्ड' हा ठरावीक बिटांचा अंकप्रकार ओव्हरफ्लोला डीफॉल्टने गुंडाळतो. १६ बिटांत ६ पूर्णांकाचे असतील तर ३३ चे उणे ३१ होतात, आणि नेमका सगळ्यात ताकदवान जेट नापास! 'एपी_सॅट' (कमाल आकड्यावरच थांबवणारा पर्याय) लावा, पण फक्त बेरजेच्या आणि आउटपुटच्या जागी. सगळीकडे लावलंत तर एलयूटी (चिपमधले लॉजिकचे तक्ते) खातो आणि टायमिंग बसत नाही. व्हीयू१३पी ही एफपीजीए चार सिलिकॉन तुकड्यांची आहे; एकातून दुसऱ्यात जाताना दोन्ही बाजूंना रजिस्टर द्या आणि ते वाढीव क्लॉक लेटन्सीच्या (निर्णयाच्या मुदतीच्या) हिशोबात आधीच धरा.

शेवटी सी++ इम्युलेटर (बोर्डाची सॉफ्टवेअर नक्कल) आणि बोर्डाचं आउटपुट बिट-न्-बिट जुळवा. 'जवळपास जुळतंय' याला इथे काही अर्थ नाही.