ज्वालामुखीला एकच दिवस, पण रात्रीपर्यंत

हवाईच्या बिग आयलंडवर चारच दिवस आहेत, मग किनारा की किलाउएआ ज्वालामुखी, असं विचारलंयत. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनालाच ठेवा, कोरडं ऊन त्याच बाजूला मिळतं. ज्वालामुखीला एकच दिवस द्या, पण अख्खा. कोनाहून गाडीने दोन-अडीच तास लागतात. वाटेत पुनालूउच्या किनाऱ्यावर थांबाच! तिथली काळी वाळू म्हणजे लाव्हाचाच चुरा, आणि तिच्यावर हिरवी कासवं निवांत ऊन खात पडलेली असतात. (सहा मीटर लांबूनच बघा.) किलाउएआ ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे ते रात्रभर उघडं असतं, म्हणून अंधार पडेपर्यंत थांबा. उद्रेक चालू असेल तर लाव्हाची लाली तेव्हाच खुलते. विवराचा काठ साधारण १२०० मीटर उंचीवर आहे, स्वेटर घेऊनच जा. आमची लेक टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी होती, तरी तिथून हलायला तयार नव्हती.