उत्तर: लाइट गेल्यापासून बीगलबोन ब्लॅक उठत नाही

उद्यमबागेतल्या मशीनवरचा बीगलबोन ब्लॅक (एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) लाइट गेल्यापासून उठत नाही, म्हणजे चालू होत नाही, आणि वर सल्ला आलाय की फ्लॅशर कार्ड (बोर्डावर सिस्टिम नव्याने भरणारं मेमरी कार्ड) घालून मोकळे व्हा. थांबा की जरा! फ्लॅशर ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरचीच कायमची मेमरी, पुसून टाकतो. मशीनची सेटिंगं त्यातच असतील तर गेलीच म्हणून समजा.

आधी सिरीयल लावा, म्हणजे बोर्ड काय सांगतोय ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसेल. जे१ हेडरला (बोर्डावरची सिरीयलच्या पिनांची रांग) ३.३ व्होल्टचाच यूएसबी-सिरीयल अडॅप्टर हवा, ५ व्होल्टचा लावू नका. पिन १ ग्राउंड. अडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारी वायर) पिन ४ ला, आरएक्स (घेणारी) पिन ५ ला. व्हीसीसीची, म्हणजे पॉवरची, वायर मोकळीच ठेवा. सिरीयलचा वेग ११५२०० बॉड. पडद्यावर नुसते सी सी सी येत राहिले तर प्रोसेसर जिवंत आहे, त्याला बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) सापडत नाही एवढंच. पॉवरचा दिवा क्षणभर लागून विझत असेल तर मात्र शॉर्ट शोधा, कार्डांत वेळ घालवू नका.

मग साधी, फ्लॅशर नसलेली इमेज (सिस्टिमची तयार फाइल) मेमरी कार्डावर घ्या आणि कार्ड बोर्डात घाला. कार्डाच्या खाचेजवळचं एस२ बटण दाबून धरा आणि तसंच ठेवून ५ व्होल्टच्या पॉवरची पिन घाला. इथंच बरेच जण फसतात: रिसेट दाबून चालत नाही, बूटचा क्रम (आधी कार्डावरून की ईएमएमसीवरून सुरू व्हायचं ते) पॉवर येतानाच वाचला जातो.

उठला की एलएसबीएलके (lsblk, डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) चालवा. ज्याच्यासोबत बूट० आणि बूट१ दिसतात ती ईएमएमसी. तिची आधी डीडीने (dd, जशीच्या तशी प्रत काढणारी कमांड) पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर, एफएसचेक (fsck, फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) नंतर.