कॉर्पोरेट बॉण्डवर आख्खं करिअर होतं का?

उंबरठा२२: फायनान्सच्या पीएचडीचं दुसरं वर्ष चालूय. गाईड म्हणतात कॉर्पोरेट बॉण्ड, म्हणजे कंपन्यांचे कर्जरोखे, हा विषय घे, शेअर्समध्ये सगळं उकरून झालंय. म्हणून एडवर्ड ऑल्टमन यांचं वाचत बसलोय, १९६७ ला यूसीएलएची पीएचडी, त्याच वर्षी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत, १९६८ ला झेड-स्कोर (कंपनी बुडेल का ते सांगणारा आकडा), आणि पुढे जंक बॉण्ड (कमी रेटिंगचे, जोखमीचे), डिफॉल्ट (कर्ज बुडणं), रिकव्हरी (बुडीतातून किती परत मिळतं) हेच सुरू. एकाच विषयात एवढं काय असतं राव?

कूपनवाला: झेड-स्कोर ६६ कंपन्यांवर बनलाय, ३३ बुडालेल्या, ३३ तगलेल्या, आणि त्यांच्या हिशेबातले रेशो पाच. स्कोर १.८१ च्या खाली तर धोका, २.९९ च्या वर निवांत. आज एवढ्याशा सॅम्पलवर पेपर पाठव, दारातूनच परत येईल :) पण प्रश्न संपला नाही ना. १९७४ ला रॉबर्ट मर्टन या अर्थतज्ज्ञानं कंपनीच्या कर्जाची किंमत ऑप्शनसारखी (ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्कासारखी) मांडली, वाटलं झालं आता. मग २००१ मध्ये कॉलिन-ड्युफ्रेन, गोल्डस्टीन आणि मार्टिन यांनी स्प्रेडमधले (सरकारी बॉण्डपेक्षा कंपनीच्या बॉण्डवर मिळणारं जास्तीचं व्याज) बदल तपासले तर थिअरीतल्या कारणांनी जेमतेम पाव भाग उलगडला, उरलेला बहुतेक एकाच कुठल्यातरी कॉमन फॅक्टरनं हलत होता आणि तो कुठला ते काही सापडेना. त्या फॅक्टरपायी लोकांची करिअर झालीत.

रात्रपाळी: थिअरी राहू दे, तुझी दोन वर्षं डेटा साफ करण्यात जाणारेत, मी त्यातून गेलोय. अमेरिकेत जुलै २००२ पासून ट्रेस ही बॉण्डच्या सौद्यांची नोंद ठेवणारी सिस्टम आहे, डीलरला प्रत्येक सौदा रिपोर्ट करावा लागतो, त्याआधी बाहेरच्याला भाव कळायचा म्हणजे फोन करून विचारायचं. पण फाईल उघडलीस की एकच सौदा तीनदा दिसतो, एकदा मूळ, एकदा रद्द, एकदा दुरुस्त केलेला. मोठ्या सौद्याचा आकडाच नसतो, चांगल्या रेटिंगच्या बॉण्डला नुसतं '५ मिलियनच्या वर' एवढंच. आणि कित्येक बॉण्डचा महिनाभर एकही सौदा नाही, मग महिन्याचा रिटर्न काढणार कशावरून? मी पहिल्यांदा रद्द सौदे न काढताच रिग्रेशन चालवलं, रिझल्ट इतका झकास आला की रात्री अडीचला गाईडना मेल टाकला. सकाळी सगळं फुस्स.

कूपनवाला: 😂 हसू नये खरं तर. बॉण्ड रिटर्नच्या फॅक्टर्सवरचा २०१९ चा एक गाजलेला पेपर २०२३ मध्ये जर्नलनं मागे घेतला, तोही डेटातल्या चुकांमुळे.

उंबरठा२२: बाप रे. मग घाबरू की घेऊ?

रात्रपाळी: घे की. जिथं घोळ आहे तिथंच काम आहे. मार्च २०२० बघ, चांगल्या रेटिंगचे बॉण्डसुद्धा कोणी घेईना, २३ तारखेला फेडनं (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) नुसतं जाहीर केलं की आम्ही कॉर्पोरेट बॉण्ड घेऊ आणि खरेदी सुरू व्हायच्या आधीच स्प्रेड खाली यायला लागले. का, यावर अजून भांडणं चालूयत. फक्त रद्द सौदे आधी काढ.