१२,५०० प्रयोग, आणि माझा काउंटर

काउंटर_चार
दादरला एका बँकेत १९ वर्षं काउंटरवर आहे. "केवायसी झालंय का?" हे वाक्य दिवसाला ६० वेळा तरी म्हणत असेन, तेही स्क्रीनकडे बघत. मागच्या महिन्यात शिवाजी मंदिरला प्रशांत दामलेंचं एक नाटक दुसऱ्यांदा पाहिलं. हशा कुठे येणार ते मला ठाऊक होतं. नेमकं त्याच वाक्याआधी मागे कुणालातरी खोकल्याची उबळ आली. दामले थांबले, पण थांबलेत असं वाटू दिलं नाही. खोकला संपला, वाक्य आलं, थिएटर हसलं.

६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंदमध्ये या माणसाचा १२,५०० वा प्रयोग झाला. एवढ्यांदा बोलून झाल्यावरही समोरच्याचा खोकला ऐकू येतो! त्यानंतरच्या सोमवारपासून मी एवढंच करते: आधी माणसाकडे बघते, मग वाक्य म्हणते. तीन आठवडे टिकलंय. नवरा म्हणतो भाबडेपणा आहे. तुमचं काय मत?

तिरकस_गिरगावकर
मी भावोजींच्या बाजूने. दामल्यांना हशा मिळतो, टाळी मिळते, नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधनही मिळतं. तुम्हाला काय मिळतं? सर्व्हर डाउन. शिवाय २००१ मध्ये त्यांनी एका दिवसात पाच प्रयोग केले, त्याचा विक्रम म्हणून गाजावाजा झाला. पाचव्या प्रयोगाचं तिकीट काढणाऱ्याने काय घोडं मारलं होतं? याला मी उरक म्हणतो. उरक वेगळा, दर्जा वेगळा.

विंगेतला
@गिरगावकर, हे खुर्चीत बसून बोलायला सोपं आहे. मी आठ वर्षं प्रकाशयोजनेचं सामान वाहिलंय. दुपारी बोरिवली, रात्री ठाणे, मधे घोडबंदरला टेम्पो अडकलेला. तिथे प्रेरणाबिरणा कुणी बोलत नाही, तिसरी घंटा वेळेवर व्हायला हवी एवढंच डोक्यात असतं. पाठोपाठ प्रयोग करूनच नटाच्या अंगात नाटक मुरतं.

पण ताई, तुमचंही थोडं चुकतंय. वाक्य इतकं पाठ होतं की कान मोकळे राहिले, म्हणून खोकला ऐकू आला. नुसतं मनावर घेऊन ते होत नाही. तुमचंही ते वाक्य १९ वर्षांत पाठ झालंय, म्हणून आता मान वर करता येतेय. नव्याने लागलेल्या पोराला हे सांगू नका, तो फॉर्म चुकवेल.

दोन_मुलांची_आई
मला हा विषयच खटकतो. १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले. शाळेत आम्हाला हे निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. आई झाल्यावर वाटायला लागलं, त्या मुलीच्या आईने ती रात्र कशी काढली असेल? धड्यात तिच्याबद्दल एक ओळ नव्हती. कलाकाराचं गाणं घ्यावं, नाटक घ्यावं. त्याच्या आयुष्यावरून आपलं बेतायला जाऊ नये.

काउंटर_चार
@दोन_मुलांची_आई, वाचून गप्पच झाले. तेवढं माझ्याच्याने कधी होणार नाही, आणि व्हावं असंही वाटत नाही. माझी उडी मान वर करण्यापुरतीच. सहा-काहीची बदलापूर लोकल काही चुकवत नाही मी.

@विंगेतला, पाठांतराचं पटलं.

@गिरगावकर, मिळतं काय म्हणालात ना? परवा एक आजोबा आले. दर महिन्याला पेन्शन काढायला माझ्याच खिडकीवर येतात, कितीतरी वर्षं. माझ्याकडे बघून म्हणाले, "नवीन आलात का?"

तिरकस_गिरगावकर
हाहा. ही टाळी धरायची का? आणि आजोबांचं केवायसी झालं?

काउंटर_चार
नाही. आधार घरी विसरले होते.