'बार्बी' अडॅप्टेडमध्ये कशी काय? पटकथेच्या ऑस्करबद्दल प्रश्न

रानवारा:
ऑस्करच्या मागच्या काही वर्षांच्या याद्या बघत होतो, तर २०२४ च्या सोहळ्यात 'बार्बी'ला पटकथेचं नामांकन होतं ते चक्क अडॅप्टेडमध्ये, म्हणजे आधीच्या कशावर तरी बेतलेल्या पटकथांच्या गटात. आता त्याच्यामागे कादंबरी नाही, नाटक नाही, ग्रेटा गर्विग आणि नोआ बॉमबाक यांनी बसून गोष्ट रचली, मग हे रूपांतर नेमकं कशाचं? त्यात अमेरिकेतल्या लेखकांच्या गिल्डने तीच पटकथा ओरिजिनलमध्ये धरली होती. हे ठरवतं कोण? आणि अजून एक, मत देणारे लोक मूळ पुस्तक वाचतात का? न वाचता रूपांतर चांगलं झालंय हे कळणार कसं?

पडद्यामागे:
कादंबरी आहे की नाही हा निकषच नाहीये. ती गोष्ट किंवा ती पात्रं पटकथेच्या आधी कुठे होती का, एवढंच ऑस्कर देणारी अकॅडमी बघते. बार्बी आणि केन बाहुल्यांच्या रूपात आधीपासून होते, झालं, अडॅप्टेड. सीक्वेलही ह्याच न्यायाने तिकडे जातात. 'नाइव्ह्ज आउट' ओरिजिनलमध्ये होता आणि 'ग्लास अनियन' अडॅप्टेडमध्ये, का तर डिटेक्टिव्ह तोच, बाकी गोष्ट अख्खी नवी असली तरी. हा निर्णय अकॅडमीच्या लेखक शाखेकडे असतो आणि गिल्डचे नियम वेगळे, त्यामुळे एकाने ठरवलेलं दुसऱ्यावर बंधनकारक नाही. 'मूनलाइट'चं बघ ना, त्याच्या मुळाशी टॅरेल अल्विन मॅक्रेनी यांचं कधीच रंगमंचावर न आलेलं नाटक आहे. गिल्डने त्याला ओरिजिनलचं बक्षीस दिलं आणि त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, ऑस्कर मिळालं ते अडॅप्टेडचं.

तिसरी घंटा:
नियम कळला तरी 'व्हिपलॅश'च्या वेळी जे झालं ते मला आजही पटत नाही. डेमियन शझेलने अख्ख्या सिनेमाची पटकथा आधी लिहिली होती, पैसे उभे राहीनात म्हणून त्यातलाच एक तुकडा शॉर्टफिल्म म्हणून शूट केला, ती २०१३ ला सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये गाजली आणि मग मोठा सिनेमा झाला. अकॅडमीचं म्हणणं काय, तर शॉर्टफिल्म आधी आली म्हणजे सिनेमा हे तिचं रूपांतर. अरे पण ती शॉर्टफिल्मच ह्या पटकथेतून निघालीये ना! स्वतःच्या डोक्यातून काढलेली गोष्ट दुसऱ्या कशावर तरी बेतलेली ठरवणं हा लेखकावर सरळसरळ अन्याय आहे. गिल्डने तिला ओरिजिनलच मानलं, आणि ते बरोबर होतं.

पानोपानी:
वाचण्याबद्दल सांगते. नामांकनं लेखक शाखेचे सदस्य ठरवतात आणि शेवटचं मतदान सगळे सदस्य करतात, म्हणजे नट, कॅमेरामन, संकलक सगळे. पुस्तक वाचायची अट नाही आणि माझ्या मते नसावीच. बक्षीस पटकथेला असतं, पुस्तकाशी किती इमान राखलं ह्याला नाही.

'गॉडफादर'चा दुसरा भाग घे. तरुण व्हिटोची गोष्ट पुझोच्या कादंबरीत आहे, पहिल्या सिनेमात ती घेतली नव्हती. मायकेलचं पुढे काय होतं ते मात्र कादंबरीत नाहीच, ते नव्याने लिहिलंय. आणि मग दोन्ही काळ आलटून पालटून ठेवलेत, इकडे बाप माणसं जोडत वर येतोय आणि तिकडे मुलगा एकेकाला तोडत एकटा पडत चाललाय. ही सगळी रचना पटकथेची कमाई आहे. पुझो आणि कपोला यांना त्यासाठी अडॅप्टेडचं ऑस्कर मिळालं ते अगदी योग्य मिळालं.

आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारात 'शाळा'ला रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला होता (५९ वे पुरस्कार, अविनाश देशपांडे निगडी). बोकीलांची कादंबरी मुकुंद जोशीच्या तोंडून येते, आणि हा नववीतला पोरगा बोलतो त्याच्या कितीतरी पट मनात घोळवत असतो. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. कादंबरीत जे पानभर विचारात चालतं त्याच्यासाठी पटकथेत कुणीतरी काहीतरी करायला लागतं, कुणाकडे तरी बघायला लागतं, नाहीतर सारखं निवेदन ऐकवत बसावं लागतं. हे काम ओरिजिनल लिहिण्यापेक्षा सोपं आहे असं जे म्हणतात त्यांचं मला आश्चर्य वाटतं.

रानवारा:
वा, हे छान सांगितलं. म्हणजे पुस्तक जवळ ठेवून तुलना करायची तर ती आपल्या शिकण्यासाठी, बक्षिसासाठी नाही. पण पटकथा वाचायला मिळतात का कुठे?

पडद्यामागे:
मिळतात की. ऑस्करच्या सीझनमध्ये मतदारांनी वाचाव्यात म्हणून स्टुडिओच बऱ्याच पटकथा नेटवर टाकतात, फुकट, कुणीही उतरवून घ्यावं. 'अमेरिकन फिक्शन'पासून सुरू कर, तुझ्या बार्बीच्या वर्षी अडॅप्टेडचं ऑस्कर त्यालाच गेलं, कादंबरी पर्सिव्हल एव्हरेट यांची आहे. आधी एक प्रकरण वाच, मग पटकथेतला तोच भाग काढ, काय गाळलंय आणि कुठे नवा सीन घातलाय ते लगेच दिसेल.