सल्ला हवा: कामगारांसाठीचं मोफत संकेतस्थळ, मजकूर भरपूर, वाचक कुठून आणायचे? (सोलापूर)

साखरपेठकर
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका छोट्या नोंदणीकृत संस्थेत मी स्वयंसेवक आहे. विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी आम्ही एक संकेतस्थळ चालवतो. पीएफ, पेन्शन, विडी कामगारांचं ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, कुठल्या अर्जाला कुठली कागदपत्रं लागतात, असा सगळा मजकूर आहे. सगळं फुकट, जाहिरात एकही नाही. लिहिणाऱ्यांत पीएफच्या कामात आयुष्य घालवलेले निवृत्त लोक आहेत, त्यामुळे माहिती खात्रीची असते.

पण वाचक नाहीत. येतात ते बहुतेक आमच्याच ओळखीचे. नवीन माहिती कळवण्यासाठी ईमेलचा रकाना ठेवलाय, तो कुणी भरत नाही. दुसरीकडे, साध्या अर्जासाठी बायका एजंटला पैसे मोजतात हे रोज दिसतं, आणि तीच माहिती आमच्याकडे पडून आहे. याचा फार त्रास होतो. पैसे घेऊन फॉलोअर वाढवून देणारे नकोत. खरे वाचक कसे मिळवायचे ते सांगा.

धागेदोरे
आधी एक तपासा. गुगलवर 'विडी कामगार शिष्यवृत्ती कागदपत्रे' टाकलं तर तुमचं पान दिसतं का? नसेल तर सर्च कन्सोल हे गुगलचं साधन लावा, फुकट आहे. लोक कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात ते त्यात जसंच्या तसं दिसतं. आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे गुगलला वाचता येतील अशा अक्षरांत आहे ना?

साखरपेठकर
काही पानं युनिकोडमध्ये आहेत. पण निम्म्याहून जास्त माहिती पीडीएफमध्ये आहे. जुनी परिपत्रकं स्कॅन केलेली, बाकीचं श्रीलिपीत टाइप केलेलं.

धागेदोरे
मग वाचक का येत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. गुगलला त्यात 'पेन्शन' हा शब्द सापडतच नाही. स्कॅनचंही जवळपास तसंच, तो फोटो असतो. शिवाय साध्या मोबाइलवर पीडीएफ उघडून, दोन बोटांनी मोठं करून वाचायला कुणाला वेळ आहे? सगळं एकदम बदलायला जाऊ नका, दमाल. सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न निवडा आणि एका प्रश्नाला एक पान करा.

पानाचं शीर्षक म्हणजे तो प्रश्नच असू द्या. उदाहरण देतो. ईपीएस ९५, म्हणजे पीएफच्या पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. तरी नोव्हेंबर आला की म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात, कारण सरकारी पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबर असतो आणि तेच सगळीकडे ऐकायला मिळतं. 'पीएफ पेन्शनचा हयातीचा दाखला कधी द्यायचा?' असं शीर्षक आणि पहिल्याच ओळीत उत्तर. 'निवृत्तिवेतनधारकांसाठी मार्गदर्शक सूचना' असं शीर्षक असलेलं पान शोधायला कोण जाणार? आणि प्रत्येक पानावर माहिती शेवटची कधी तपासली ती तारीख टाका. नियम बदलत राहतात, तारीख नसलेल्या पानावर मी स्वतःही विश्वास ठेवत नाही.

बार्शीरोड
संस्था नोंदणीकृत आहे तर गुगल फॉर नॉनप्रॉफिट्स या संस्थांसाठीच्या गुगलच्या योजनेत अर्ज करा. पडताळणी झाली की अ‍ॅड ग्रँट्स मिळू शकतं. महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध जाहिराती फुकट. रोख पैसे मिळत नाहीत, फक्त गुगलवर मजकुराच्या जाहिराती. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं आणि शाळांना मिळत नाही, तुम्हाला अडचण नसावी.

धागेदोरे
हे चांगलं आहे, पण आधी पानं नीट झाल्यावर. त्यात अटी आहेत. एकशब्दी कीवर्ड, म्हणजे ज्यावर जाहिरात दाखवायची तो शोधशब्द, चालत नाहीत, आणि जाहिरात दिसल्यावर किमान ५ टक्के लोकांनी क्लिक केलं पाहिजे, नाहीतर खातं बंद होऊ शकतं. दर महिन्याला लक्ष घालणारं माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

दत्तनगरची
माझी आई विड्या वळते, म्हणून लिहितेय. आई गुगल करत नाही. तिच्यासोबतच्या बायकाही करत नाहीत. घरात फोनवर शोधते ती दहावी-बारावीची मुलगी. आईच्या पीएफचा मेसेज आला की वाचून मीच सांगायची, शिष्यवृत्तीचा फॉर्मही मीच भरला होता. तुम्ही पानं आईला उद्देशून लिहीत असाल, पण वाचणार मी आहे. 'तुमच्या आईच्या पीएफ खात्यात नाव चुकलंय? काय करायचं' असं लिहिलं असतं तर मी कधीच सापडले असते तुम्हाला.

ईमेलचा रकाना काढून टाका. आमच्याकडे ईमेल फक्त फॉर्म भरताना लागतो म्हणून काढलेला असतो, उघडत कुणी नाही.

दुसरं म्हणजे तेलुगू. आमच्या भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, पण माझ्या वयाचे बरेच जण मराठी शाळेत शिकलेले, तेलुगू वाचता येत नाही. आईला तर दोन्ही वाचायला जड जातं. म्हणून तेलुगू पानं करण्यात शक्ती घालवू नका. प्रत्येक पानाचं दोन मिनिटांचं तेलुगू रेकॉर्डिंग करा. विड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. ते बायका ऐकतील आणि पुढे पाठवतील.

साखरपेठकर
दत्तनगरची ताई, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. मग कळवायचं कसं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा का?

माध्यमिक शिक्षक
ग्रुप नको. सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि आठवडाभरात शुभ सकाळचे फोटो सुरू होतात. बायका त्याच कारणाने बाहेर पडतात. ब्रॉडकास्ट यादीला २५६ ची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. व्हॉट्सअ‍ॅप चॅनल सुरू करा. ही सोय भारतात २०२३ पासून आहे. फॉलो करणाऱ्याचा नंबर दुसऱ्या फॉलोअरला दिसत नाही, मुलींच्या घरच्यांना हे पटवून देता येतं. उणीव एकच, चॅनलचा मेसेज वेगळ्या टॅबमध्ये जातो, लोकांच्या नजरेतून सुटतो. म्हणून रोज काही टाकू नका. शिष्यवृत्तीची मुदत जवळ आली, नियम बदलला, शिबिर आहे, तेव्हाच टाका. तुमचा मेसेज म्हणजे कामाचा, अशी सवय लागली की लोक स्वतःहून बघतात.

आणि शाळांना धरा. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरून भरायची असते, आणि त्या दिवसांत शाळेचे लिपिक हैराण असतात. त्यांना एक सरळ, छापून भिंतीवर लावता येईल असं पान द्या.

झेरॉक्सवाला अशोक चौक
लिपिकांचं बरोबर आहे, त्यात आमचीही भर घाला. माझं सेवा केंद्र आहे. दिवसभर लोक हेच विचारतात, आणि मलाही प्रत्येक योजनेचं सगळं पाठ नसतं. मी दहा ठिकाणी शोधतो, निम्म्या ठिकाणी जुनी माहिती. तुमचं पान खात्रीचं असेल तर माझ्या संगणकावर दिवसभर उघडं राहील. एका केंद्राने पान वापरलं तर रोज किती घरांपर्यंत जाईल याचा विचार करा. क्यूआर कोडचा स्टिकर द्या, काउंटरवर लावतो. फक्त कोड थेट त्या प्रश्नाच्या पानावर न्यावा, मुख्यपानावर नको. तिथून शोधत बसायला गिऱ्हाईक थांबत नाही.

बार्शीरोड
गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉल टाकला तर? जानेवारीत एवढी गर्दी दुसरीकडे कुठे मिळणार?

झेरॉक्सवाला अशोक चौक
गर्दी मिळेल, पण लोक पाळण्यात बसायला आलेले असतात. पत्रक घेतील आणि पुढच्या वळणावर टाकतील. त्यापेक्षा पीएफ खात्याचं 'निधी आपके निकट' हे शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात असतं, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे माणूस आपला प्रश्न हातात घेऊनच आलेला असतो.

माध्यमिक शिक्षक
आकाशवाणी सोलापूरलाही विचारून बघा. तुमच्यातले निवृत्त पीएफवाले बोलायला बसले तर कार्यक्रम आपोआप चांगला होईल.

साखरपेठकर
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: श्रीलिपीतली माहिती युनिकोडमध्ये आणायला आजपासून सुरुवात, पहिलं पान हयातीच्या दाखल्याचं, दुसरं पीएफमधल्या नावदुरुस्तीचं. ईमेलचा रकाना काढून टाकतोय, चॅनल सुरू करतोय. अ‍ॅड ग्रँट्सचा अर्ज पानं झाल्यावर. झेरॉक्सवाले दादा, स्टिकर घेऊन येतोच. आता एकच अडतंय. आमच्यात तेलुगू बोलणारं कुणी नाही, आणि पुस्तकी तेलुगू नको, सोलापुरी हवं.

दत्तनगरची
मजकूर मराठीत पाठवा. मी आईला वाचून दाखवते, ती तिच्या शब्दांत जे सांगेल तेच रेकॉर्ड करून देते. तिला जिथे कळणार नाही तिथे खूण करून परत पाठवते, तेवढं सोपं करून द्या.